बोरीची राख

जुन्नर तालुक्यात (जि. पुणे) कुकडी नदीकाठी बोरी येथे गाळाच्या थरांत सापडलेली ज्वालामुखीय राख. ती सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीची असल्याचे मानतात. अंतर तीन हजार किलोमीटरांहून अधिक. राख फिकट राखाडी असून चिमटीत चोळली की कचकच लागते. सूक्ष्मदर्शकाखाली फुटलेल्या बुडबुड्यांच्या कपच्यांसारखे पारदर्शक, बाकदार काचकण दिसतात. भोवतालच्या काळ्या बेसाल्टशी त्यांचे नाते नाही.

काळ : वादग्रस्त. १९८० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील शरद राजगुरू, रवी कोरीसेट्टर प्रभृतींनी या स्थळाचा अभ्यास केला. पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने आधी सुमारे १४ लक्ष वर्षे वय आले. १९९५ मध्ये शीला मिश्रा व सहकाऱ्यांनी ६.७ लक्ष वर्षे दिले. येथे अश्यूलियन (अश्मयुगीन) हातकुऱ्हाडी मिळाल्यामुळे या आकड्यांना मोठे महत्त्व आले. १९९८ मध्ये वेस्टगेट व सहकाऱ्यांनी काचकणांच्या रासायनिक घडणीवरून भारतीय द्वीपकल्पातील अशी सर्व राख सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरवली. बोरीपुरते हे सर्वांना मान्य नाही. काहींच्या मते ही राख तोबाच्याच अधिक जुन्या उद्रेकाची आहे. शिवाय ती नदीने वाहून आणून साचवलेली, तेव्हा हत्यारांचे वय तिच्यावरून कितपत काढावे हा प्रश्न उरतोच.

ध्रुवीय हिमाशी संबंध : ग्रीनलंड व अंटार्क्टिका या दोन्ही ठिकाणच्या हिमगाभ्यांत (बर्फात खोल छिद्र पाडून काढलेल्या दंडगोलांत) सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या थरांत सल्फेटच्या जुळणाऱ्या खुणा आहेत. त्या तोबाच्या असाव्यात, असे २०१३ मध्ये मांडले गेले. राखेचे कण मात्र तेथे ओळखता आलेले नाहीत. त्या उद्रेकाने हिमयुग ओढवले, हे पूर्वीचे मत आता फारसे धरले जात नाही.

अशा खुणा टिकतात त्या बर्फ वितळत नाही तोवरच. वितळलेले पाणी खाली झिरपले की विरघळणारे क्षार त्याबरोबर जातात. स्वित्झर्लंडमधील कोर्बासिएर हिमनदीवर २०१८ मध्ये काढलेल्या गाभ्यात वर्षावर्षांचे थर रासायनिक खुणांवरून मोजता येत होते. २०२० मध्ये तेथेच काढलेल्या गाभ्यात वरचे काही थर सोडले, तर खालच्या खुणा पुसट झाल्या होत्या.

अशा राखेची इतर स्थळे : कऱ्हा नदीकाठी मोरगाव (ता. बारामती).