महारोहिणीची छाया : क्ष-किरणचित्रणातील आयोडीनचा इतिहास

क्ष-किरणांमुळे अस्थी दिसू लागल्या; रक्तवाहिन्या मात्र अदृश्यच राहिल्या. रक्त आणि भोवतालचे मांस हे किरण जवळजवळ सारख्याच प्रमाणात शोषून घेतात, हे त्याचे कारण होय. जानेवारी १८९६ मध्ये व्हिएन्ना येथे हाशेक व लिंडेन्टाल यांनी एका छेदलेल्या हाताच्या रोहिण्यांत पारदयुक्त मिश्रण भरून त्यांचे चित्र घेतले. परंतु जिवंत देहात पारा भरता येत नाही. पुढील सारा प्रयत्न किरणांना अडवील आणि तरीही शरीराला सोसेल, अशा द्रव्याचा होता.

ते द्रव्य योगायोगाने हाती आले. उपदंशाच्या रोग्यांस त्या काळी सोडियम आयोडाइड देत असत. अशा रोग्यांचे मूत्राशय क्ष-किरणचित्रात उमटते, असे अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये ऑस्बोर्न प्रभृतींनी १९२३ साली दाखविले. मात्र स्पष्ट छायेसाठी लागणारी या लवणाची मात्रा बाधक ठरे. १९२९ मध्ये मोझेस स्विक यांनी, बिंझ व रेट या बर्लिनच्या रसायनज्ञांच्या संशोधनाच्या आधारे, 'युरोसिलेक्टान' प्रचारात आणले. त्याच्या रेणूत आयोडीनचा एकच अणू होता. १९५० नंतरच्या संयुगांत बेंझीन-वलयावर तीन अणू बसविण्यात आले.

या साधनाचे मोल मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील कार्यावरून ध्यानी येते. तरुण वयात रक्तदाब वाढलेला, पण पायांतील नाडी क्षीण, अशा काही रोग्यांत महारोहिणीचा मधला भाग आकुंचित झालेला असतो. डॉ. प्र. कु. सेन, डॉ. किनरे, डॉ. पारुळकर व त्यांचे सहकारी यांनी १९६३ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये या विकाराचे विवेचन केले. आकुंचन कोठे आहे आणि वृक्काच्या रोहिण्या त्यात सापडल्या आहेत काय, हे कळल्यावाचून शल्यचिकित्सकाला शस्त्रक्रियेचा निर्णय घेता येत नाही. एरवी शवविच्छेदनात उघड होणारे हे सत्य आयोडीनच्या छायेने रोगी जिवंत असताना दाखविले.

ही छाया निर्धोक नव्हती. त्या द्रावणांचा तर्षणदाब रक्ताच्या पाचपटीहूनही अधिक असे. स्वीडनच्या टोर्स्टन आल्मेन यांनी १९६९ मध्ये आयनरहित रेणूंची कल्पना मांडली आणि पुढे तीच रूढ झाली. तथापि दुर्बल वृक्कांच्या रोग्यांविषयी आजही सावधगिरी बाळगावी लागते. कारण हे द्रव्य शरीराबाहेर टाकण्याचा भार अखेरीस वृक्कांवरच पडतो.