रविवारी दोन ते चार

१९४९ साली लंडनच्या एका साप्ताहिकात तिथल्या मोठ्या रुग्णालयांच्या भेटीच्या वेळा छापून आल्या. गाईज हॉस्पिटलमध्ये मुलाला भेटायचं तर रविवारी दोन ते चार. चॅरिंग क्रॉसलाही रविवारच, पण तासभरच. सेंट थॉमसमध्ये पहिला महिना भेट बंद. आईबापांनी संध्याकाळी सात ते आठमध्ये यावं आणि झोपलेलं लेकरू पाहून परत जावं. वेस्ट लंडन हॉस्पिटलमध्ये भेट हा प्रकारच नव्हता.

हे नियम दुष्टाव्यातून आले नव्हते. पूर्वी गोवर, घटसर्प एका वॉर्डात शिरला की साऱ्या खाटांवर फिरे, म्हणून बाहेरचं माणूस नकोच. दुसरं कारण परिचारिका रोज बघत. आई येऊन गेली की पोर हंबरडा फोडतं; ती आलीच नाही तर दोन-चार दिवसांत गप्प होतं. गप्प झालं म्हणजे रुळलं, असा सगळ्यांचा समज.

न्यूकॅसलच्या डॉ. जेम्स स्पेन्स यांना तो मान्य नव्हता. १९२० च्या दशकातच त्यांनी तान्ह्या मुलांच्या रुग्णालयात आयांना मुक्कामाला ठेवून घेतलं आणि बाळाचं सगळं त्यांनाच करू दिलं. पण हा प्रयोग बराच काळ अपवादच राहिला.

समजाला खरा धक्का दिला तो डॉक्टर नसलेल्या माणसाने. जेम्स रॉबर्टसन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांच्या बालगृहात बंब पेटवण्याचं काम करत. पुढे ते लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचे सहकारी झाले. वॉर्डातली मुलं आधी आकांत करतात, मग खचतात आणि शेवटी आई आली तरी तोंड फिरवतात, हे त्यांनी टिपलं होतं. सांगून पटेना, म्हणून त्यांनी कॅमेरा हाती घेतला. हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस दाखल झालेली अडीच वर्षांची एक मुलगी त्यांनी चित्रित केली. सोयीची निवडली असं कुणी म्हणू नये म्हणून नाव यादीतून सहज उचललेलं; चित्रणाच्या वेळाही आधीच ठरवलेल्या.

१९५२ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये हा मूकपट दाखवला गेला. त्यात आरडाओरडा फारसा नव्हताच. मुलगी रडू आवरते, आईबद्दल विचारते, दिवसेंदिवस मिटत जाते, एवढंच. सभागृहातले अनेक डॉक्टर मात्र भडकले. आमच्या वॉर्डात असं होत नाही, ही बदनामी आहे, असा सूर निघाला.

तरी पुढच्या सात वर्षांत वारं फिरलं. ॲमर्शमच्या डॉ. डर्मॉड मॅकार्थी यांनी आयांना वॉर्डात राहू दिलं. १९५८ चा रॉबर्टसन यांचा दुसरा चित्रपट तिथलाच. १९५९ मध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने सरकारला अहवाल दिला: भेटीला वेळेचं बंधन नको, लहान मुलांसोबत आईच्या राहण्याची सोय हवी, खेळ आणि शिक्षणही हवं.

शिफारस झाली, पण ती पाळण्याची सक्ती नव्हती. कितीतरी वॉर्डांच्या दारावर जुन्याच वेळा टांगलेल्या राहिल्या. १९६१ मध्ये रॉबर्टसन यांनी बीबीसीवरून पालकांनाच साद घातली. त्याच वर्षी लंडनच्या बॅटरसी भागातल्या काही आयांनी एकत्र येऊन संघटना काढली आणि प्लॅट अहवाल प्रत्यक्षात आणा, म्हणून त्या रुग्णालयांमागे लागल्या. संघटनेचं नाव सरळ होतं: ‘मदर केअर फॉर चिल्ड्रन इन हॉस्पिटल’.