अंगणवाडी

सहा वर्षांखालील मुलांना, विशेषतः गरीब कुटुंबांतील मुलांना, त्यांच्या वस्तीतच पूरक आहार, आरोग्यसेवा व शाळापूर्व शिक्षण देणारे केंद्र. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल, तर शाळेने मुलापर्यंत जावे, हे तिचे मूळ तत्त्व होय.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतात माँटेसरी पद्धतीच्या बालशाळा निघाल्या. परंतु महागड्या साधनांमुळे त्या मुख्यतः शहरांतील सुस्थित कुटुंबांपुरत्याच राहिल्या. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत कार्य केलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी (त्या वेळचा ठाणे, आताचा पालघर जिल्हा) येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र स्थापन केले. आरंभी नाशिक जिल्ह्यात व नंतर पुण्यात शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ (१९१०–९२) त्यांच्या सहकारी झाल्या. गरीब वस्त्यांतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा शिक्षिकांनी वस्तीतील अंगणातच वर्ग भरविले. मुलांची स्वच्छता हा तेथे शिक्षणाचाच भाग होता. शिंपले, बिया, पाने व माती ही शिक्षणाची साधने होती. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाड येथे हलले. तेथील वारली मुले गुरे राखीत वा लहान भावंडे सांभाळीत. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांची सांगड घालणारी 'विकासवाडी' आणि गुराखी मुलांसाठी कुरणशाळा हे प्रयोग तेथे झाले.

केंद्र शासनाने २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, शाळापूर्व शिक्षण व मातांना आहार-आरोग्यविषयक शिक्षण या तिच्या सहा सेवा होत. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये प्रत्येक वस्तीत अंगणवाडी असावी, असा आदेश दिला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तेथील आहार हा मुलांचा हक्क ठरला. महाराष्ट्रात आदिवासी क्षेत्रांतील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीतून एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना २०१५ मध्ये सुरू झाली.

नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतील अनेक कुटुंबे हंगामात दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीस जातात. मुले त्यांच्यासोबत जातात. गावची अंगणवाडी मात्र मागे राहते. आहारवाटप, नोंदी व सर्वेक्षणे यांच्या व्यापात मानधनावर काम करणाऱ्या सेविकेला शिकविण्यास वेळ अपुरा पडतो. संस्थेचा विस्तार देशभर झाला असला, तरी मुलापर्यंत जाण्याच्या मूळ तत्त्वाची कसोटी अशा स्थलांतरित मुलांच्या बाबतीतच लागते.