बैलांसाठी उतार, माणसांसाठी पायऱ्या

साताऱ्यात इतिहास बघायला निघालं की आधी चढावं लागतं. अजिंक्यतारा, सज्जनगड, कराडजवळची आगाशिवची लेणी, सगळं वरच. सांगलीकडे वळलं तर कुठे कुठे उतरावं लागतं. कृष्णाकाठच्या कोळे नरसिंहपूरला देव भुयारात आहे. मी व्हीलचेअर वापरते. त्यामुळे माझी सहल बहुतेक वेळा पहिल्या पायरीपाशीच संपते.

आणि तिथे एक वाक्य हमखास ऐकू येतं : “जुनी वास्तू आहे, त्या काळी कुठे असला विचार होता?” वाक्य समजूतदार वाटतं. पण इतिहासात जरा डोकावलं की ते टिकत नाही.

१७०० साल घ्या. एप्रिलमध्ये अजिंक्यतारा मोगलांच्या हाती गेला, जूनमध्ये परळीचा किल्ला, म्हणजे आपला सज्जनगड. त्या पावसाळ्यानंतर औरंगजेबाची छावणी माण नदीकाठी खवासपूरला होती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका रात्री नदीला अचानक पूर आला. छावणीत आरडाओरडा झाला, मराठे चालून आले असं वाटून बादशहा घाईने उठला, पाय घसरला आणि उजवा गुडघा निखळला. तेव्हा तो ८२ वर्षांचा व्हायला आला होता. पुढे तो कायमचा लंगडत राहिला. दरबाऱ्यांनी यातही खुशामत शोधली : हा तर पूर्वज तैमूरलंगाचा वारसा!

त्यानंतरही पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा अशी त्याची मोहीम सुरूच राहिली. तो ‘तख्त-ए-रवाँ’वर, म्हणजे माणसांनी वाहून न्यायच्या आसनावर बसून फिरायचा. त्याच्या आक्रमणाचं कौतुक करायचं काही कारण नाही. मुद्दा एवढाच, की “या पायानं सह्याद्रीत कशाला येता?” असं त्याला कुणी विचारलं नाही. ज्याच्याकडे सत्ता होती त्याच्यासाठी वाट निघत होती. मेणा, पालखी, डोली ही त्या तख्ताचीच भावंडं. इतिहास घडवणारे सगळेच काही स्वतःच्या पायांनी गड चढले नाहीत. भोयांच्या खांद्यावरूनही बरेच जण वर गेले.

मग मीही डोलीत बसून जावं का? गडांवर “ताई, उचलून नेतो की!” म्हणणारी पोरं भेटतात, आणि ती मनापासून म्हणतात. एकदा चौघांनी मला खुर्चीसकट वर नेलंही. वाटेत दरवाजावर कोरीव काम होतं. बादशहा ‘थांबा’ म्हणू शकत होता. मी म्हटलं नाही, कारण त्यांना दम लागला होता. वर त्यांनी खुर्ची जिथे ठेवली, तिथून जे दिसलं ते मी पाहिलं. दोन पावलं मागे जाऊन पुन्हा बघणं, एखाद्या दगडापाशी उगाच रेंगाळणं, कंटाळा आला म्हणून सगळ्यांच्या आधी निघून येणं, हे उचलून नेलेल्या माणसाला जमत नाही. खरं तर अवशेष बघायला जाण्यातली अर्धी मजा त्यातच असते.

खांद्यांशिवाय दुसरी वाट आपल्या पूर्वजांना माहीत होती का? होती, आणि ती साताऱ्याजवळ लिंब गावात आजही दिसते. तिथली बारामोटेची विहीर विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. साधारण ११० फूट खोल आणि ५० फूट रुंद. आत महाल, कोरीव खांब आणि खाली उतरत जाणारा पायऱ्यांचा देखणा जिना. लोक त्या जिन्यावर फोटो काढतात. मी काठावर थांबते आणि मोटांच्या जागा बघते.

मोट कशी चालायची हे आता आजोबांनाच विचारावं लागेल. चामड्याची मोट पाण्याने भरली की बैल विहिरीकडे पाठ करून उतारावरून खाली चालत जायचे, आणि त्यांच्या वजनाने मोट वर यायची. बैलांच्या त्या उतरत्या वाटेला ‘धाव’ म्हणतात. उतार फार असला तर बैल घसरणार, कमी असला तर ओढ बसणार नाही. म्हणजे शरीर कोणतं, वजन किती, उतार किती, हा हिशोब गावोगावच्या विहिरींवर रोज होत होता. रॅम्प म्हणजे दुसरं काय असतं? बैलाशिवाय पाणी येणार नव्हतं, म्हणून बैलासाठी उतार झाला. तेव्हा अडचण ज्ञानाची नव्हती. आपलं कुणावाचून अडतं, एवढाच प्रश्न होता.

आता आगाशिवची लेणी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास कोरायला घेतलेली, साठाहून अधिक, डोंगराच्या अंगाखांद्यावर विखुरलेली. एका चैत्यगृहात चक्र आणि सिंह कोरलेले आहेत. माझ्या चाकांना त्या चक्रापर्यंत न्यायला डोंगर फोडावा, असं मी म्हणणार नाही. राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. पण दगडाला खिळाही न मारता, हवा तेव्हा उचलता येईल असा लाकडी उतार टाकता येतो. जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले तेव्हा कुतुबमिनार, लाल किल्ला, हुमायूनची कबर आणि जंतरमंतर इथे असे उतार टाकले गेले. त्यासाठी जावेद आबिदी या व्हीलचेअर वापरणाऱ्या कार्यकर्त्याने पाठपुरावा केला होता. पाहुणा मोठा होता, म्हणून वाट निघाली. पुन्हा तोच तख्ताचा नियम.

हा नियम मोडण्यासाठीच कायदा लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांस्कृतिक जीवनात सहभागी होण्याचा हक्क दिला. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत. सक्तीचे नियम करा, तीन महिन्यांत करा. हॉकिंगसाठी जे झालं ते आता कुणाहीसाठी व्हायला हवं, असा त्याचा साधा अर्थ.

लिंबला काठावरून मोटांच्या जागांपर्यंत सपाट वाट, आगाशिवच्या पायथ्याला लेण्यांचे नकाशे आणि हाताने चाचपता येतील अशा प्रतिकृती, प्रत्येक स्थळी पायऱ्या किती आणि दरवाजा किती रुंद हे सांगणारा फलक. यातल्या कशानेही एक चिराही हलत नाही. फलक लागेपर्यंत ते काम तुमचा फोन करू शकतो. पुढच्या वेळी विहिरीचं रील टाकाल तेव्हा खाली एक ओळ लिहा : गाडी कुठपर्यंत जाते आणि पुढे पायऱ्या किती. तेवढ्यावर कुणीतरी घरातून निघायचं की नाही ते ठरवतं.