ड्राफ्टपूर्व चाचण्या (अमेरिकन फुटबॉल)

नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) या अमेरिकी व्यावसायिक स्पर्धेतील संघ दर वर्षी महाविद्यालयांतून नवे खेळाडू निवडतात. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. त्याआधी उमेदवारांचा वेग, ताकद, प्रकृती, स्वभाव आणि खेळाची समज पाहण्यासाठी ज्या चाचण्या होतात, त्या ड्राफ्टपूर्व चाचण्या होत. इंडियानापोलिस येथील ‘स्काउटिंग कंबाईन’, विद्यापीठांच्या आवारात होणारे ‘प्रो डे’ आणि संघांनी खासगीत घेतलेल्या भेटी व सराव हे त्यांचे मुख्य प्रकार. फुटबॉल हा शब्द या नोंदीत हेल्मेट घालून, लांबट चेंडूने खेळल्या जाणाऱ्या अमेरिकी खेळासाठी वापरला आहे.

ड्राफ्टची कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये मांडली आणि १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. आयपीएलच्या लिलावासारखी बोली येथे लागत नाही. मागच्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिली पाळी आणि विजेत्याला शेवटची, असा क्रम असतो. आता ३२ संघ सात फेऱ्यांत सुमारे २६० खेळाडू घेतात. पाळ्यांची अदलाबदल करता येते, पण वापरलेली पाळी परत मिळत नाही. चुकीची किंमत पूर्वी पैशांतही जबर होती. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डचा करार ७ कोटी ८० लाख डॉलरचा होता. त्यानंतर नवोदितांच्या वेतनावर मर्यादा आली आणि २०११ मधील पहिली निवड असलेल्या कॅम न्यूटनचा करार सुमारे २ कोटी २० लाखांवर आला. इतके पणाला लागल्यावर संघांना आकड्यांचा आधार हवासा वाटतो, यात नवल नाही.

कंबाईनचा उगम मात्र धावण्या-उड्यांत नाही. पूर्वी प्रत्येक संघ उमेदवाराला आपापल्या गावी बोलावून तपासत असे, आणि एकाच गुडघ्याचे क्ष-किरण चित्र वेगवेगळ्या शहरांत पुन्हा पुन्हा काढले जाई. डॅलस काउबॉइज संघाचे टेक्स श्रॅम यांनी ही तपासणी सर्वांसाठी एकत्र करण्याची सूचना केली. त्यानुसार १९८२ मध्ये फ्लॉरिडातील टॅम्पा येथे १६३ खेळाडूंचे पहिले शिबिर भरले. इतर स्काउटिंग संस्थांची वेगळी शिबिरे १९८५ मध्ये यात विलीन झाली आणि १९८७ पासून मुक्काम इंडियानापोलिसला आला. रुग्णालये हाताशी असल्याने हे शहर सोयीचे ठरले. फेब्रुवारीच्या अखेरीस तीनशेहून अधिक खेळाडूंना तेथे निमंत्रण असते. निमंत्रण नसलेलेही दर वर्षी काही जण निवडले जातात.

दूरचित्रवाणीवर गाजतात त्या मैदानी कसोट्या. ४० यार्ड (३६.६ मी.) धाव ही त्यांतली प्रतिष्ठेची. क्लीव्हलंड ब्राउन्सचे प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी हे अंतर रूढ केले. चेंडू लाथेने दूर उडवल्यावर त्यामागे खेळाडूला साधारण इतके धावावे लागते, असा त्यांचा हिशेब सांगितला जातो. याशिवाय २२५ पौंडांचा (१०२ किग्रॅ.) भार बेंच प्रेसमध्ये जास्तीत जास्त वेळा उचलणे, जागेवरून उंच उडी व लांब उडी, तीन शंकूंभोवती वळणे आणि २० यार्ड मागे-पुढे धावणे या चाचण्या असतात. पुढच्या रांगेत झुंजणारा धिप्पाड लाइनमन सामन्यात ४० यार्ड सलग क्वचितच धावतो, म्हणून त्याच्या बाबतीत जाणकार पहिल्या १० यार्डांची वेळ पाहतात. उंची, वजन, हाताची लांबी आणि चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पंजाची रुंदीही मोजतात. २०२० मध्ये जो बरो याचा पंजा नऊ इंच भरल्याची बरीच चर्चा झाली. त्याने स्वतःच निवृत्तीचा विचार करत असल्याची थट्टा केली आणि सिनसिनाटी बेंगल्सने त्याला पहिल्याच क्रमांकावर घेतले.

चाचणीतील आकड्यांमुळे खेळाडूचा भाव वधारतो, याचे जुने आणि वारंवार सांगितले जाणारे उदाहरण माइक मामुलाचे. बॉस्टन कॉलेजच्या या खेळाडूने १९९५ च्या कंबाईनमध्ये, त्याच कसोट्यांचा खास सराव करून, झळाळती कामगिरी केली. ईगल्सने पाळ्यांचा सौदा करून बाराव्या क्रमांकावरून सातव्यावर झेप घेतली आणि त्याला निवडले. सोडलेल्या बाराव्या पाळीवर टॅम्पा बे संघाने वॉरन सॅपला घेतले आणि तो पुढे दिग्गजांच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. ही गोष्ट सांगताना दोन बाबी सहसा गाळल्या जातात. सॅप खाली घसरला त्यामागे अमली पदार्थांबाबतच्या अफवाही होत्या, आणि ३१.५ सॅक (चेंडू फेकण्याआधी प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला पाडणे) नोंदवणारा मामुला अगदीच टाकाऊ निघाला नव्हता. मामुलानंतर कंबाईनची तयारी करून देणे हा स्वतंत्र धंदाच झाला. हंगाम संपताच खेळाडू महिना-दीड महिना खासगी केंद्रांत जाऊन धावेची सुरुवात कशी करायची ते घोटतात. आकड्यांत काही अंश या शिकवणीचाही असतो, हे आता सर्वच संघ धरून चालतात.

२०१७ चा ड्राफ्ट याहून बोलका आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाचा वाइड रिसीव्हर (फेकी झेलणारा) जॉन रॉस ४० यार्ड ४.२२ सेकंदांत धावला. हा तेव्हाचा कंबाईनमधील विक्रम होता, आणि बेंगल्सने त्याला नवव्या क्रमांकावर घेतले. त्याच राज्यातील ईस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठाच्या कूपर कपला ४.६२ सेकंद लागले. तो तिसऱ्या फेरीपर्यंत थांबला आणि ६९ व्या क्रमांकावर लॉस एंजेलिस रॅम्सकडे गेला. रॉसची कारकीर्द दुखापतींनी खाल्ली. कपने २०२१ च्या हंगामात १४५ झेल घेत १,९४७ यार्ड मिळवले आणि त्या हंगामाच्या सुपर बोल या अंतिम सामन्यात तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणून वेग निरुपयोगी ठरत नाही. २००८ मध्ये ४.२४ सेकंदांत धावलेला रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) क्रिस जॉन्सन टेनेसी टायटन्सने २४ व्या क्रमांकावर घेतला, आणि दुसऱ्याच हंगामात त्याने २,००६ यार्ड धावून दाखवले. रॉसचा विक्रम २०२४ मध्ये झेवियर वर्दीने ४.२१ सेकंदांनी मोडला. त्याला मात्र कॅन्सस सिटी चीफ्सने २८ व्या क्रमांकावर घेतले.

चांगले आकडे खेळाडूला थोडे वर नेतात, पण वाईट आकडे त्याला फार खाली ओढतात, असे म्हणण्यास जागा आहे. ओक्लाहोमाचा ऑफेन्सिव्ह टॅकल (क्वार्टरबॅकचे रक्षण करणारा लाइनमन) ऑर्लँडो ब्राउन (धाकटा) २०१८ मध्ये पहिल्या फेरीचा उमेदवार मानला जात होता. कंबाईनमध्ये त्याला ४० यार्डांसाठी ५.८५ सेकंद लागले आणि भार फक्त १४ वेळा उचलता आला. तो ८३ व्या क्रमांकावर बाल्टिमोर रेव्हन्सला मिळाला आणि पुढे अनेकदा प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. पुढे महान क्वार्टरबॅक ठरलेल्या टॉम ब्रॅडीची ५.२८ सेकंदांची धाव आणि २००० मधील १९९ वी निवड सर्वश्रुत आहे. उलट १९९९ मध्ये जस्टिन अर्नेस्टने तोच भार ५१ वेळा उचलून विक्रम केला, तरी त्याला एकाही संघाने निवडले नाही. खेळाच्या चित्रफितीत जे दिसले नाही, ते ताकदीच्या एका आकड्याने सिद्ध होत नाही, एवढे तारतम्य संघांकडे असते.

निवडीवर सर्वांत खोल परिणाम करणारा भाग कॅमेऱ्यासमोर येत नाही. तो म्हणजे वैद्यकीय तपासणी आणि मुलाखत. २०१८ मध्ये मिशिगनच्या मॉरिस हर्स्टच्या हृदयाबाबत शंका आली, त्याला कंबाईनमधील सराव करू दिला गेला नाही आणि तो पाचव्या फेरीत गेला. स्टार लोटुलेलेईच्या बाबतीत २०१३ मध्ये असेच झाले, पण पुढील तपासणीत तो निर्दोष ठरला आणि १४ व्या क्रमांकावर निवडला गेला. मुलाखतीत खेळाडूला त्याच्याच चुकलेल्या चाली फळ्यावर समजावून सांगाव्या लागतात. प्रश्नांची पातळी मात्र नेहमीच सभ्य नव्हती. २०१० मध्ये डेझ ब्रायंटला त्याच्या आईविषयी विचारलेल्या प्रश्नाबद्दल मायामी डॉल्फिन्सच्या व्यवस्थापकाला माफी मागावी लागली. २०२२ मध्ये लीगने अपमानास्पद प्रश्न विचारणाऱ्या संघाला दंड ठोठावण्याचे आणि त्याची ड्राफ्टमधील पाळी काढून घेण्याचे ठरवले. १२ मिनिटांत ५० प्रश्नांची ‘वंडरलिक’ ही बुद्धिचाचणीही त्याच वर्षी कंबाईनमधून गेली.

प्रो डे परिचित मैदानावर, आपल्याच सहकाऱ्यांसोबत होतो, म्हणून तेथील वेळा थोड्या सावधपणे वाचल्या जातात. तरीही भुरळ पडतेच. २००७ मध्ये क्वार्टरबॅक जामार्कस रसेलच्या फेकींनी सगळे थक्क झाले, ओकलंड रेडर्सने त्याला पहिला क्रमांक दिला आणि तीन हंगामांत त्याची कारकीर्द संपली. उलट क्वार्टरबॅक टेडी ब्रिजवॉटरचा २०१४ चा प्रो डे फसला आणि तो ३२ व्या क्रमांकापर्यंत घसरला. खासगी भेटींना मर्यादा आहे. प्रत्येक संघाला आपल्या केंद्रात ३० उमेदवार बोलावता येतात. भेटीमुळे निवड पुरती बिघडल्याचे उदाहरण बो जॅक्सनचे. १९८६ मध्ये टॅम्पा बे संघाच्या विमानाने केलेला प्रवास नियमभंग ठरल्यामुळे त्याला महाविद्यालयीन बेसबॉल गमवावा लागला. त्या रागातून, त्या संघाने पहिल्या क्रमांकावर निवडूनही त्याने तेथे खेळण्यास नकार दिला.

कुझमिट्स आणि अॅडम्स या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात क्वार्टरबॅक, रनिंग बॅक आणि वाइड रिसीव्हर यांचे कंबाईनमधील आकडे त्यांच्या पुढील कामगिरीशी ताडून पाहिले. रनिंग बॅकच्या धावेचा अपवाद सोडता सातत्यपूर्ण संबंध आढळला नाही. आता सामन्यातील प्रत्यक्ष वेग खेळाडूच्या अंगावरील उपकरणांतून कळतो, त्यामुळे ४० यार्डांचे महत्त्व आणखी ओसरत आहे. हे खेळाडूंच्याही ध्यानात आले आहे. २०२४ मध्ये क्वार्टरबॅक केलेब विल्यम्सने कंबाईनमध्ये चेंडू फेकला नाही, तरी तो पहिला निवडला गेला. तेथे धावण्या-उड्यांत भाग न घेतलेला मार्विन हॅरिसन (धाकटा) चौथा निवडला गेला.

कोविडमुळे २०२१ मध्ये कंबाईनचा मैदानी भाग रद्द झाला आणि धावणे-उड्या विद्यापीठांच्या प्रो डेवर सोपवण्यात आल्या. ड्राफ्ट ठरल्या वेळी झाला आणि २५९ खेळाडू निवडले गेले. वैद्यकीय तपासणी मात्र संघांनी सोडली नाही. त्यासाठी सुमारे १५० खेळाडूंना एप्रिलमध्ये इंडियानापोलिसला बोलावण्यात आले.