निर्जन बेट आणि श्रोत्यांचा कौल

कीर्तन रंगलें कीं नाहीं हें कीर्तनकारास कोणाला विचारावें लागत नाहीं. समोरचीं माणसें डोलूं लागतात, नाहींतर एकेक करून आपल्या वहाणा शोधूं लागतात. नभोवाणीच्या वक्त्यास हें सुख नाहीं. बंद खोलींत ध्वनिक्षेपकापुढें बसून तो बोलतो. त्याचा शब्द लाखों घरांत जातो आणि त्या घरांतून परत मात्र कांहींच येत नाहीं. जेथें नभोवाणी लोकांच्या पैशावर चालते तेथें ही अडचण अधिकच बोचते. श्रोत्यांचें मत म्हणजे नेमकें काय, तें ओळखावें कसें, आणि ओळखलें तरी मानावें किती, या प्रश्नांचा इतिहास पाहावयाचा तर इंग्लंडांतील एका मुलाखतींच्या कार्यक्रमाइतकें चांगलें उदाहरण क्वचितच सांपडेल. त्या कार्यक्रमाचें नांव ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’.

कल्पना अगदीं साधी आहे. पाहुणा एका निर्जन बेटावर एकटाच जाऊन पडला आहे असें मानावयाचें. सोबत ग्रामोफोन आणि आठ तबकड्या नेण्याची मुभा. त्या आठ कोणत्या व कां, हें सांगतां सांगतां त्याचें सारें चरित्र उलगडत जातें. बायबल व शेक्सपिअर त्या बेटावर आधींच ठेवलेले असतात. त्यांशिवाय एक पुस्तक आणि निरुपयोगी पण आवडती अशी एक चैनीची वस्तु नेण्याची सवलत मागाहून मिळाली. ही युक्ति रॉय प्लॉम्ली नांवाच्या गृहस्थास १९४१ च्या नोव्हेंबरांत एका थंड रात्रीं, शेकोटी विझत आली असतां सुचली, आणि झोपण्यापूर्वींच त्यानें ती पत्रानें बी. बी. सी. ला कळविली. २९ जानेवारी १९४२ रोजीं पहिली मुलाखत ध्वनिक्षेपित झाली. व्हिक ऑलिव्हर हा विनोदी नट, चर्चिलचा त्या वेळचा जांवई, पहिला पाहुणा होता. महायुद्धाचे दिवस असल्यामुळें प्रत्येक वाक्य आधीं लिहून तपासून घ्यावें लागे. म्हणजे आज ज्या कार्यक्रमाची मोकळ्या गप्पांसाठीं ख्याति आहे, त्यांतील आरंभींच्या गप्पा कागदावरून वाचलेल्या होत्या! मूळ बेत थोड्या आठवड्यांचाच होता. मध्यंतरीं १९४६ पासून १९५१ पर्यंत खंडहि पडला. तरी १९८५ सालीं प्लॉम्ली वारला तेव्हां त्यानें घेतलेल्या मुलाखतींची संख्या १,७९१ झाली होती.

श्रोत्यांस या सर्वांत बोलण्याचा अधिकार होता काय? बी. बी. सी. चा खर्च घरोघरच्या परवान्याच्या फीवर चाले; १९२२ पासून १९४६ पर्यंत ती वर्षाला दहा शिलिंग होती. परंतु संस्थेचा पहिला सूत्रधार जॉन रीथ याचा कल, लोकांस आवडतें तें देण्यापेक्षां त्यांच्या हिताचें तें द्यावें, असाच होता. श्रोत्यांची मोजदाद करूं लागलें कीं संख्येची गुलामी आलीच, अशी भीति त्या संस्थेंत पुष्कळांस वाटे. अखेरीस १९३६ मध्यें रॉबर्ट सिल्व्ही या संख्याशास्त्रज्ञास नेमून श्रोतृ-संशोधनाचें काम सुरू झालें, आणि १९३९ च्या अखेरीपासून रोज शेंकडों माणसांस, काल तुम्हीं काय ऐकलें, असें प्रत्यक्ष विचारण्यांत येऊं लागलें. सिल्व्हीची या कामामागील दृष्टि मार्मिक होती. आपण होऊन पत्र लिहिणारा श्रोता हा सर्व श्रोत्यांचा प्रतिनिधि नव्हे. तो एकतर फार संतुष्ट असतो, नाहींतर फार चिडलेला. शिवाय त्याला लेखणी धरण्याची संवय व फुरसत असते. उलट, मोजदादीनें किती लोकांनीं ऐकलें एवढें कळतें. त्यांना त्यांत काय खटकलें हें कळावयाचें तर शेवटीं पत्रेंच उघडावीं लागतात.

त्या पत्रांचा एक मासला मोठा गोड आहे. कार्यक्रमाच्या आरंभीं एरिक कोट्स याची ‘बाय द स्लीपी लगून’ ही सुरावट वाजते आणि तिच्यावर समुद्रपक्ष्यांचे आवाज ऐकूं येतात. हे कुरव उत्तरेकडील थंड किनाऱ्यांवरचे. माडांच्या उष्ण बेटावर ते आले कोठून, अशी शंका पक्षिशास्त्र जाणणाऱ्या श्रोत्यांनीं काढली. ती इतकी मानली गेली कीं १९६४ सालीं कांहीं काळ उष्ण प्रदेशांतील पक्षी आणून बसविण्यांत आले. पुढें ते गेले आणि जुने कुरव परत आले. गंमत अशी कीं कोट्सला ती सुरावट सुचली ती उष्ण समुद्राकाठीं नव्हे, तर इंग्लंडच्याच ससेक्स किनाऱ्यावर, सेल्सीहून बॉग्नॉरकडे पाहतांना. पत्रलेखकांचें पक्षिज्ञान बिनचूक होतें; पण त्या सुरावटीला शोभणारे पक्षी तेच होते!

पाहुण्यांच्या निवडीवरहि टीका होई. एलिझाबेथ श्वार्ट्झकॉफ या गायिकेनें १९५८ मध्यें आठांपैकीं सात तबकड्या स्वतःच्याच गायनाच्या निवडल्या. या आत्मप्रीतीचा किस्सा अजून सांगितला जातो, आणि त्यांत तिच्यावर थोडा अन्यायहि होतो. निर्जन बेटावर कलावंतास आपल्या कामाची सोबत हवीशी वाटली तर त्यांत नवल काय?

परंतु खरा वाद मुलाखत कशी घ्यावी याचा होता. प्लॉम्ली पाहुण्यास आधीं गॅरिक क्लबांत जेवूं घाली आणि मग यजमानास शोभेल तेवढेंच विचारी. त्याच्या मुलाखती फारच मऊ असतात, अडचणीचा प्रश्न येतच नाहीं, असें टीकाकार म्हणत. त्याच्यामागून मायकेल पार्किन्सन आला, तेव्हां यॉर्कशरचेच पाहुणे फार येतात असा आक्षेप निघाला. प्लॉम्लीच्या पत्नीसहि नवी धाटणी रुचली नाहीं. १९८८ मध्यें स्यू लॉली आली आणि प्रश्नांस धार आली. १९९६ सालीं तिनें गॉर्डन ब्राउन या अविवाहित राजकारणी पुरुषास त्याच्या खाजगी आयुष्याविषयीं असे खोदून प्रश्न विचारले कीं मर्यादा सोडल्याचा ठपका तिच्यावर आला. पूर्वीं कमी विचारल्याची तक्रार, आतां अधिक विचारल्याची.

सर्वांत गंभीर प्रसंग १९८९ चा. पाहुणी होती डायना मोस्ली. इंग्लंडांतील फॅसिस्ट पुढाऱ्याची पत्नी, जिचें लग्न १९३६ सालीं गोबेल्सच्या घरीं हिटलरच्या उपस्थितींत लागलें होतें आणि जिला महायुद्धांत कैदेंत ठेवावें लागलें होतें. ध्वनिक्षेपणाचा दिवस ठरवितांना तो ज्यूंच्या सणावर येतो असें ध्यानांत आल्यानें बदलावा लागला, यावरूनच प्रकरण किती नाजुक होतें तें दिसतें. मुलाखतींत तिनें हिटलरच्या मोहकपणाचें कौतुक केलें आणि मारल्या गेलेल्या साठ लक्ष ज्यूंच्या आंकड्याविषयीं शंका घेतली. तक्रारींचा वर्षाव झाला.

येथें दोन्ही बाजूंस वजन आहे. लॉलीनें प्रश्न टाळले नाहींत. त्या बाईचें अंतरंग तिच्याच तोंडून उघडें पडलें, आणि इतिहासाला अशी साक्ष उपयोगी असते. मात्र तक्रार करणाऱ्यांचा खरा मुद्दा वेगळाच होता. चार तपांच्या परंपरेनें त्या बेटावरचें आमंत्रण हा एक बहुमान होऊन बसला होता. वृत्तविभागानें तिला बोलावून उलटतपासणी केली असती तर बहुतेकांनीं निमूटपणें ऐकलें असतें. बहुमानाच्या आसनावर, आवडत्या संगीताच्या सोबतींत तिला बसवावें काय, असें ते विचारीत होते. लोकांच्या फीवर चालणाऱ्या संस्थेस या प्रश्नाचें उत्तर श्रोत्यांच्या संख्येवरून देतां येत नाहीं. शंभर पत्रांतील एकाच पत्रांत हा मुद्दा असता तरी त्याचें वजन तेवढेंच राहिलें असतें.

श्रोत्यांस उघडपणें मत विचारण्याचा प्रसंग २०११ मध्यें आला. आपापल्या आठ तबकड्या कळवा असें आवाहन होतांच हजारोंनीं याद्या धाडल्या. त्यांत पहिला मान व्हॉन विल्यम्सच्या ‘द लार्क असेंडिंग’ या चंडोल पक्ष्यावरील व्हायोलिनप्रधान रचनेस मिळाला. इतक्या वर्षांतील पाहुण्यांच्या निवडींची बेरीज केली तर मात्र बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीचें पारडें जड होतें. पाहुण्यास सारा देश आपल्याकडे कान लावून बसला आहे हें ठाऊक असतें, घरीं बसून यादी करणारास ती भीड नसते. दोन निवडींतील अंतर बहुधा एवढ्यावरूनच पडलें असावें. २०१९ मध्यें ‘रेडियो टाइम्स’नें याला सर्वश्रेष्ठ नभोवाणी कार्यक्रम ठरविलें, पण तो निवाडा तज्ज्ञांचा होता.

श्रोत्यांच्या मतांचा एक पुरावा मात्र कोणी न मागतां तयार होत होता. आरंभींच्या कित्येक मुलाखती खुद्द बी. बी. सी. नें जपल्या नाहींत. व्हिक ऑलिव्हरची पहिली मुलाखतहि आज ऐकावयास मिळत नाहीं. पण कांहीं श्रोते आपल्या घरीं रेडिओजवळ टेप-यंत्र लावून आवडत्या मुलाखती उतरून घेत असत. अशा खाजगी फितींतून हरवलेल्या नव्वदांहून अधिक मुलाखती हातीं लागल्याचें २०२२ सालीं जाहीर झालें. त्या फिती उतरून घेणाऱ्यांपैकीं कितीजणांनीं बी. बी. सी. ला कधीं पत्र लिहिलें असेल, कोण जाणे. सिल्व्हीच्या कोष्टकांत त्यांची नोंद झालीच असेल तर ती दुसऱ्या एखाद्या घराइतकी, एकाच आंकड्याची.