'दिसलीच नाही' या उत्तरामागचा इतिहास

मोठ्या जहाजाने मच्छीमार बोटीला ठोकलं की "रडारवर दिसलीच नाही" हे उत्तर हमखास येतं. कधी ते खरंही असतं. पण आधी दिसणारी बोट मध्येच दिसेनाशी झाली तर काय, याचे नियम १९७९ पासून लिहिलेले आहेत.

२५ जुलै १९५६ ची रात्र. अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ इटलीचं 'आंद्रेया डोरिया' आणि स्वीडनचं 'स्टॉकहोम' एकमेकांवर आदळली. ५१ माणसं गेली. दोन्हीकडे रडार चालू होतं, दोघांनी एकमेकांना कित्येक मैलांवरून पाहिलंही होतं! पण 'डोरिया'वर त्या ठिपक्याचा माग कागदावर मांडलाच नव्हता.

पुढे हा माग ठेवायचं काम संगणकाकडे गेलं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९७९ मध्ये त्याची मानकं ठरवली. लागोपाठच्या १० फेऱ्यांपैकी ५ फेऱ्यांत टार्गेट स्पष्ट दिसलं, तरी माग सुटता कामा नये. अँटेनाची एक फेरी साधारण अडीच-तीन सेकंदांची, म्हणजे सगळा हिशोब अर्ध्या मिनिटाचा. मधे इको आला नाही तर यंत्र आधीच्या वेग-दिशेवरून "आता इथे असेल" असा अंदाज धरतं आणि तिथे शोधतं. तरी सापडलं नाही, तर इशारा द्यायचा आणि शेवटची जागा स्क्रीनवर दाखवायची.

म्हणजे बोट हरवली हे वॉचवरच्या ऑफिसरला कळायला हवं. मग घोळ कुठे होतो? लाकडी किंवा फायबरच्या बोटीचा इको मुळात क्षीण. लाटांचा कचरा घालवायला नॉब जरा जास्त फिरवला की कचऱ्याबरोबर बोटही पुसली जाते. त्याहून वाईट म्हणजे दोन बोटी जवळून गेल्या तर यंत्र एकीचा माग सोडून दुसरीला चिकटू शकतं. तेव्हा इशाराही येत नाही, कारण यंत्राच्या लेखी काही हरवलेलंच नसतं. नारळी पौर्णिमेनंतर आपल्या समुद्रात बोटींची किती दाटी असते ते कुठल्याही तांडेलाला विचारा.

आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या, जुलै २००२ पासून बांधलेल्या ३,००० टनांच्या व त्यावरच्या मालवाहू जहाजांवर व्हॉयेज डेटा रेकॉर्डर लागतो. त्यात रडारचं चित्रही साठतं. जुन्या रेकॉर्डरमध्ये मात्र १२ तासांनी त्याच जागी नवी नोंद चढू शकते. त्यामुळे अपघातानंतर पोलिसांकडे किंवा बंदर खात्याकडे जो पहिला अर्ज जाईल, त्यातच "रेकॉर्डरची नोंद लगेच जतन करा" हे वाक्य लिहा. दुसऱ्या दिवशी लिहून उपयोग होईलच असं नाही.